मदत हवी आहे: आईचा आयफोन सफरचंदावर अडकलाय, रिकव्हरी मोडमध्ये जातच नाहीये

— धागाकर्ता
नमस्कार मंडळी, घाई आहे म्हणून थेट मुद्द्यावर येतो. आईकडे माझा जुना आयफोन ११ आहे, ६४ जीबीवाला, गुड मॉर्निंगच्या फोटोंनी गळ्यापर्यंत भरलेला. परवा रात्री मीच दोन-चार व्हिडिओ उडवून कशीबशी जागा केली आणि अपडेट लावून झोपलो (चूक माझीच, ओरडू नका). सकाळपासून नुसतं सफरचंद येतं, जातं, परत येतं.

काल पुण्यात तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) नेला तर एकाने धड न बघताच सांगितलं, फ्लॅश मारावा लागेल, डेटा जाणार. आईला फोटोंचं काही नाही हो, पण सोसायटीच्या भिशीचा सगळा हिशोब नोट्समध्ये आहे, कोणाचे आले कोणाचे राहिले, आणि बॅकअप नाही कारण आयक्लाउडचे फुकटचे ५ जीबी कधीच भरलेत. रविवारी भिशी आहे. घरातलं वातावरण समजून घ्या.

रिकव्हरी मोडसाठी (फोन कॉम्प्युटरला जोडून सिस्टीम दुरुस्त करायची अवस्था) मी व्हॉल्यूम अप दाबून सोडतो, मग डाउन दाबून सोडतो, मग साइड बटण दाबून धरतो, सफरचंद आलं की सोडतो, की परत तेच. ऑफिसच्या लॅपटॉपवर यूएसबी ब्लॉक आहे, बहिणीचा विंडोजवाला मागवलाय, त्यात आयट्यून्स (ॲपलचं सॉफ्टवेअर) टाकतो. डेटा न घालवता होईल का?

— भातुकली
सफरचंद आलं की सोडता, तिथेच चुकतंय. सोडायचंच नाही! केबल लॅपटॉपला लावलेली ठेवा आणि स्क्रीनवर कॉम्प्युटर नि केबलचं चित्र येईपर्यंत साइड बटण दाबून धरा, अंगठा दुखला तरी. ही पद्धत आयफोन ८ पासून पुढची. ७ ला व्हॉल्यूम डाउन आणि पॉवर एकत्र धरावं लागतं, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून गोंधळू नका.

— कटिंगवाला
आणि लॅपटॉपवर दोन पर्याय येतील, अपडेट आणि रिस्टोअर. अपडेटच दाबा. त्यात सिस्टीम नव्याने बसते पण डेटा तसाच राहतो. रिस्टोअर म्हणजे पाटी कोरी, बरेच दुकानवाले फ्लॅश म्हणतात ते हेच. डीएफयूच्या (रिकव्हरीच्याही खालच्या पातळीवरचा मोड) नादी आत्ता लागू नका.

— धागाकर्ता
चित्र आलं!! अपडेट दाबलं, पण डाउनलोड चालू असतानाच फोन आपोआप परत सफरचंदावर गेला. गेलं का सगळं??

— कटिंगवाला
काही गेलं नाही. डाउनलोडला १५ मिनिटांच्या वर लागली की फोन रिकव्हरीतून बाहेर येतो. कित्येक जीबीची फाइल आहे, पूर्ण उतरू द्या, मग बटणांचा खेळ परत करा. आणि आज बुधवार, उद्या गुरुवारी देखभालीसाठी तुमच्या भागात लाईट जाणार असेल तर आज रात्रीच उरका, फोनमध्ये भरणं सुरू झाल्यावर केबल हलवू नका.

— धागाकर्ता
झालं! पासकोड विचारला, नोट्स जागच्या जागी. आईने फोन हातात घेऊन आधी भिशीचा हिशोब वहीत उतरवून घेतला, मग माझ्याशी बोलली. दोघांचेही मनापासून आभार. आता परत 'स्टोरेज फुल' येतंय, साडेचार हजार गुड मॉर्निंग आईला न कळता कुठे हलवू?