मदत हवी आहे: अँबॅसिडरच्या व्हॉल्व्ह स्प्रिंग, हेड (इंजिनाचं वरचं झाकण) न उतरवता

गाडी जुनी अँबॅसिडर, १४८९ सीसी पेट्रोल इंजिन. तीन नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची स्प्रिंग खालच्या वेढ्यात तुटलीय. एकच बदलण्यात अर्थ नाही, उरलेल्याही तितक्याच थकलेल्या, म्हणून आठही व्हॉल्व्हच्या नव्या टाकायच्या आहेत.

पद्धत ठरलेली आहे: पिस्टन वर यायच्या आधी प्लगच्या भोकातून सहा मिमी नायलॉन दोरी आत सोडायची (टोक बाहेर ठेवून!), मग क्रँक हाताने फिरवून दोरी व्हॉल्व्हखाली दाबून धरायची, म्हणजे स्प्रिंग काढल्यावर व्हॉल्व्ह आत पडत नाही. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या फेरीतच, नाहीतर व्हॉल्व्ह वाकेल. पुशरॉडच्या भोकांत चिंध्या कोंबायच्या, कारण लॉक (स्प्रिंग व्हॉल्व्हच्या दांड्यावर अडकवून ठेवणारे छोटे तुकडे) उडून खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये गेलं की चेंबर उतरवणं आलं. लॉकखालची रबरी रिंग नवीच घालायची आणि स्प्रिंग दाबल्यावरच, आधी नाही. आधी घातली तर चिरडते आणि धूर सुरू.

अडलंय ते रॉकर शाफ्टपाशी (व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर बसतात तो दांडा; स्प्रिंग काढायच्या तर तो आधी उतरवावा लागतो). त्याचे चार नट हेडच्याच स्टडवर आहेत. ते सोडायचे तर रेडिएटर रिकामा करून हेडचे सगळे नट क्रमाने थोडे थोडे ढिले करावे लागतात, नाहीतर हेड वाकडं होतं.

मग एकदा दबलेलं हेड गॅस्केट (हेडखालचं सील) पुन्हा आवळल्यावर धरतं का? की एवढं उघडलंच आहे तर हेड काढून व्हॉल्व्ह लॅपिंगही (व्हॉल्व्ह सीटवर घासून नीट बसवणं) उरकावं? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा. पुण्या-मुंबईत स्प्रिंगचा चांगला सेट कुठे मिळतो, तेही.