चहा सुटला पण राग सुटत नाही, काय करावं?

इंदूरची_सून:
सगळ्यांना प्रभूत सलाम. विचारायला लाज वाटतेय पण इथे कोणी ओळखत नाही म्हणून लिहिते. लग्न होऊन इंदूरला आले त्याला १४ वर्षं झाली, घरी मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, आणि चर्चला हिंदी उपासना असं आमचं चालतं. रोज पहाटे वाचन, संडे स्कूलला शिकवते, ह्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, तर चहासुद्धा सोडलाय. आणि परवा सकाळी पोहे वाफेला ठेवले, पोह्यांवर घालायच्या जिरावन मसाल्याचा डबा उघडते तर तळाला नुसती धूळ, जाऊबाईंनी संपवून तसाच झाकून ठेवलेला. बस, मी जी सुटले, त्यांच्या मुलांदेखत, १० वर्षांपूर्वीचं साडीचं प्रकरणसुद्धा काढलं. त्या काही न बोलता प्लेट तिथेच ठेवून आत गेल्या.

रविवारी वर्गात धडा नेमका आत्म्याच्या फळाचा. फळ्यावर द्राक्षाचा घड काढला, प्रीती, आनंद, शांती लिहून झालं, सहनशीलतेवर आले आणि समोर पहिल्या बाकावर जाऊबाईंची मुलगी, माझ्याकडे बघतेय. पुढचं कसं शिकवलं मलाच माहीत.

तर १४ वर्षांनी स्वभाव तिथल्या तिथेच असेल तर मी विश्वासात वाढतेय की नुसती जुनी होतेय?

रिटायर्ड_मास्तर:
ताई, बायबलमधलं गलतीकरांस पत्र ५:२२ परत वाचा, तिथे ‘फळ’ एकवचनी आहे. नऊ वेगळी फळं नाहीत, त्यामुळे आनंद माझ्याकडे आहे, सहनशीलतेचं नंतर बघू, असं जमत नाही. पण घाबरूही नका. मार्क ४ मध्ये आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा असा क्रम आहे, आणि शेतकरी झोपतो उठतो, ते कसं वाढतं त्याला कळतही नाही. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा, म्हणजे नवराबायकोसुद्धा एकाच वेळी पिकत नाहीत. माझा स्वतःचा राग साठीनंतर उतरला, त्यात पवित्र आत्म्याचं किती आणि बीपीच्या गोळीचं किती हे देवालाच ठाऊक 😀

डायरीवाला:
मी एक वही केलीय, नऊ रकाने, रात्री झोपताना टिक करायची. २ पेत्र १ मध्ये म्हटलंच आहे ना, होईल तितका प्रयत्न करून विश्वासात भर घाला. तीन महिन्यांत फरक पडला, खरंच ट्राय करा.

बडोद्याची_काकू:
डायरीवाले भाऊ, राग नका मानू, पण लूक १८ मधल्या परूश्याकडेपण, स्वतःला धार्मिक समजणाऱ्या त्या माणसाकडे, असाच हिशोब होता, आठवड्यातून दोनदा उपास, दशांश, सगळं टिक. त्या वहीत बायकोला टिक करायला द्या एकदा, मग कळेल.

आणि सूनबाई, तू एवढं सगळं लिहिलंस, पोहे लिहिलेस, फळा लिहिलास, पण जाऊबाईंची माफी मागितली का ते कुठेच नाही. मत्तय ५:२३ काय म्हणतं, अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी जाऊन समेट कर. तुझा सोडलेला चहा म्हणजे अर्पणच की गं. तुमच्या चर्चमध्ये जुनं हिंदी बायबल असेल तर काढून बघ, ह्या फळाच्या यादीत आपल्याकडे जिथे ‘शांती’ आहे तिथे त्यात ‘मेल’, म्हणजे सलोखा, छापलंय. शांती काय, खोलीचं दार लावूनही मिळते. मेल करायला समोर जाऊबाई लागतात. वाढतेय की जुनी होतेय ते मला नाही गं सांगता येणार, त्यांना विचार.

डायरीवाला:
काकू, बायकोला दिली वही. सौम्यतेच्या रकान्यात तिने प्रश्नचिन्ह काढलंय 😑

इंदूरची_सून:
काकू, तुमचं वाचून दोन दिवस तुमचाच राग आला, खरं सांगते. काल दुपारी गेले त्यांच्याकडे. माफी मागताना आवाजच निघेना, त्यात ‘पण तुम्हीही’ असं तोंडात आलं होतं, ते कसंबसं गिळलं. त्या काही बोलल्या नाहीत, उठून चहा टाकला, दोन कप. लेंटचं सांगणार होते पण मग म्हटलं जाऊ दे, प्यायले. जिरावनचं नवीन पाकीट त्यांनी दुसऱ्याच दिवशी आणून ठेवलेलं, माझ्याच फडताळात, मला दिसलं नव्हतं.

साडीचं मात्र अजून बोलायचं राहिलंय, कप उचलताना त्या म्हणाल्या, ‘त्या साडीचं एकदा बसून बोलू.’