वार्व्ह : गाळ, साका की सालथर?

प्रश्न : हिमयुगातल्या सरोवरांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. तळाशी साचलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या मातीला मूळ शब्द आहे ‘वार्व्ह’. नुसतं ‘गाळाचे थर’ चालेल का? सिल्ट आणि क्ले, दोन्हींना गाळच म्हणावं?

उत्तर : नको. ‘गाळ’ म्हटलं की सगळं एका रंगाचं होतं, आणि इथे खरी गंमत दोन रंगांतच आहे. शेतीच्या पुस्तकांत वाळू, पोयटा, चिकणमाती अशी प्रतवारी असते, तीच घ्या : सिल्ट म्हणजे पोयटा, क्ले म्हणजे चिकणमाती. ओली चिमूट बोटांत चोळून पाहा. पोयटा पिठासारखा लागतो, चिकणमाती बोट सोडत नाही, तिची वळी होते.

उन्हाळ्यात हिमनदी वितळते, गढूळ पाणी सरोवरात येतं आणि पोयटा लवकर खाली बसतो. तो फिकट थर. हिवाळ्यात वर बर्फ धरतं, वारा-लाटा थांबतात, पाणी निवळू लागतं. तोवर तरंगत राहिलेले चिकणमातीचे कण तेव्हा कुठे तळ गाठतात. या गडद थराला आपल्याकडे नेमका शब्द आहे : साका. पाणी स्थिर झाल्याशिवाय साका बसत नाही, हे त्या शब्दातच आहे!

एक फिकट, एक गडद मिळून एक वार्व्ह, म्हणजे एक वर्ष. स्वीडिशमध्ये या शब्दाचा अर्थ थर आणि फेराही. स्वीडिश भूवैज्ञानिक जेरार्ड डी गीर यांना १८७८ मध्ये या पट्ट्या खोडातल्या वर्तुळांसारख्या वाटल्या. पुढे अमेरिकेत कनेटिकट नदीच्या खोऱ्यात, हिचकॉक या लुप्त सरोवराच्या मातीत, भूवैज्ञानिक एर्न्स्ट अँटेव्ह्स यांनी असे सुमारे ४००० थर मोजले. म्हणून मी ‘सालथर’ सुचवतो. साल म्हणजे वर्ष, शिवाय झाडाची आठवणही राहते.

आणखी एक मत : सालथर फार आवडला, पण जपून वापरा. एखादा पूर किंवा उतारावरून घसरलेला गाळही अशीच फिकट-गडद जोडी करतो. वर्षाचा हिशेब पक्का नसेल तिथे ‘आवर्ती थर’ म्हणावं.

प्रश्नकर्ती : पटलं, दोन्ही घेते. पण छायाचित्रात पोयट्यातून साक्यात रंग हळूहळू उतरतो, आणि साक्यावर पुढचा पोयटा मात्र एकदम सुरू होतो. मग एका सालथराची हद्द कुठे धरायची?

उत्तर : त्या तुटक रेघेवर, साक्याच्या वरच्या कडेला. तिथे हिवाळा संपला आणि वितळलेलं पाणी पुन्हा आत आलं.