बायबलमधलं फिलिप्पै ४:१३ एकवीस वेळा म्हटलं की भीती पळते?

बिबवेवाडीकर: सदाशिव पेठेत एमपीएससी करणाऱ्या पोरांसाठी चर्चच्या तरुण संघाच्या ग्रुपवर पोस्ट फिरतेय: '४:१३ रोज सकाळी २१ वेळा म्हणा, अपयशाची भीती निघून जाईल.' वचन असं: 'मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो.' डोकं उठलं. अहो, १३ च्या आधी ११ आणि १२ आहेत! हे पत्र लिहिणारा पौल कैदेत आहे आणि भरल्या पोटी कसं राहायचं, उपाशी कसं राहायचं, दोन्ही शिकलोय म्हणतोय. 'सर्व काही'त यादीत नाव नसणंही आलं. २१ वेळा म्हणूनही पोरगं प्रिलिमला उडालं, की भीती तशीच आणि वर 'माझाच विश्वास कमी पडला' हे ओझं.

त्यापेक्षा स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं: १-२ तक्रार, ३-४ मागणं, ५-६ भरवसा. वही आणि १५ मिनिटं. तक्रारीत चार वेळा 'कोठवर' येतं. तुम्हीही चार ओळी लिहा, पण नेमक्या. 'भविष्याची भीती वाटते' नको, 'निकालाच्या रात्री बाबांचा फोन घ्यायची भीती वाटते' असं. बरेच जण थेट पाचव्या वचनावर उडी मारतात, मग प्रार्थनेचं भाषण होतं. भरवसा नाही आला तर ओढूनताणून आणू नका. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तरी शास्त्रात आहेच.

कॅम्पातला: सलाम. पाठांतराला हसू नका. अक्षरओळख नसलेल्यांचा विश्वास त्यावरच टिकला. मत्तय २५ च्या दाखल्यात धनी तीन दासांना पैसे सोपवून जातो; दोघं ते दुप्पट करतात, तिसऱ्यानं भिऊन हजार रुपये पुरले, त्याला बाहेरच्या अंधारात टाकलं. भीती म्हणजे अविश्वास. विषय संपला.

ओवीप्रेमी: या 'हजार रुपयां'नीच घोळ केलाय. मूळ शब्द तालांत. एक तालांत म्हणजे ६,००० दिनार, आणि मत्तय २०:२ प्रमाणे दिनार ही दिवसाची मजुरी. वर्षाचे ३०० दिवस धरा, २० वर्षांची कमाई झाली. हजारात हल्ली दोघांचं जेवण होतं, म्हणून तो दास मूर्ख वाटतो. २० वर्षांची मजुरी हातात पडली तर तुमचेही हात कापतील.

कॅम्पातला: आता शास्त्राचं भाषांतरही चुकलं! पिढ्या त्याच्यावर उभ्या राहिल्यात.

ओवीप्रेमी: प्रचलित भाषांतर पुरेसं असतं तर पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून, हिब्रू-ग्रीक शिकून, नवं करण्यात शेवटची वर्षं घातली नसती.

गुरुवार पेठ: बसा नाणी मोजत. त्या दाखल्यात धंदा करून बुडालेला दासच नाही! पाचाचे दहा, दोनाचे चार. करून फसलं तर काय, यावर दाखला गप्प. आणि दास स्वतः कारण सांगतो: तू कठोर माणूस आहेस. भीती रकमेची नाही, धन्याची.

फसलेला माणूस हवा तर येशूचा शिष्य पेत्र घ्या. 'कोळशांचा विस्तव' यासाठीचा मूळ शब्द नव्या करारात दोनदाच येतो: योहान १८:१८, तिथे पेत्र येशूचा शिष्य असल्याचं नाकारतो, आणि २१:९, तिथे प्रभू न्याहारी मांडून बसलाय. तीन नकार, मग 'माझ्यावर प्रेम करतोस का' असे तीन प्रश्न, पण 'पुन्हा असं करशील का' हा त्यात नाही. आणि प्रश्न न्याहारीनंतर. निकाल लागला की पोराला आधी जेवायला घाला, पुढच्या अटेम्प्टचं मग विचारा.

कॅम्पातला: विस्तवाचं लक्षात आलं नव्हतं. बरं. पण संघात तक्रारी मोठ्यानं वाचायला लावल्यात तर पुढच्या रविवारी निम्मी पोरं गायब.

बिबवेवाडीकर: मोठ्यानं वाचा असं म्हटलं कुणी? वही ज्याची त्याची. आणि झोप उडाली, धडधडीनं पेपरला बसताच येईना, तर स्तोत्राबरोबर डॉक्टरही. 'विश्वास ठेव' म्हणत गोळ्या बंद करायला लावणाऱ्यांवर वेगळा धागा काढतो.

ओवीप्रेमी: काढा. पण तालांताचं वजन अजून राहिलंच...

कॅम्पातला: पुरा तो तालांत आता!