पेज उघडायला ६-७ सेकंद, आणि हेडरमध्ये १९८१ ची तारीख??

नाशिककर_०७
मंडळी जरा मदत करा. गावातल्या वाचनालयाची साइट सांभाळतो, वर्डप्रेस आहे, पुढे एनजिनएक्स (वेब सर्व्हर), मागे पीएचपी-एफपीएम (पीएचपी कोड चालवणारा), छोटा व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर). फोटो लहान केले, फास्टसीजीआय कॅश (एनजिनएक्स तयार पान साठवून ठेवतो तो) चालू केला तरी ढिम्म. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये पहिल्या रिक्वेस्टलाच नुसतं वेटिंग ५ सेकंदांच्या वर आणि मग बाकीचं सगळं धडाधड येतं. हेडर (पानासोबत सर्व्हर पाठवतो त्या सूचना) बघितले तर हे:

एक्स्पायर्स: थर्सडे, १९ नोव्हेंबर १९८१ ०८:५२:०० जीएमटी
कॅश-कंट्रोल: नो-स्टोअर, नो-कॅश, मस्ट-रिव्हॅलिडेट
प्राग्मा: नो-कॅश
सेट-कुकी: पीएचपीसेसआयडी=...
एक्स-कॅश: मिस (म्हणजे पान कॅशमधून आलं नाही)

सर्व्हरचं घड्याळ गंडलंय का?

ढगातला_पाऊस
होस्टिंग बदल नाहीतर सीडीएन (पानांच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणारे सर्व्हर) लाव, विषय संपला.

टर्मिनलवाला
सीडीएन लावून काय होणार, एचटीएमएलच नो-स्टोअर (साठवू नका) येतंय, तो पण प्रत्येक वेळी मागे तुझ्याच सर्व्हरकडे येणार ना.

घड्याळ ठीक आहे रे. ती १९८१ ची तारीख पीएचपीच्या सेशन (प्रत्येक पाहुण्याला आयडी देऊन त्याची माहिती लक्षात ठेवणं) कोडमध्येच लिहिलेली आहे, कुठेही सेशन_स्टार्ट झालं की एक्स्पायर्स, कॅश-कंट्रोल, प्राग्मा हे तिन्ही हेडर आपोआप लागतात. वर्डप्रेस स्वतः सेशन वापरत नाही, म्हणजे थीम नाहीतर एखादं प्लगइन हे उद्योग करतंय. आणि सेट-कुकी किंवा नो-स्टोअर आलं की एनजिनएक्स ते पान कॅशमध्ये ठेवतच नाही, म्हणून कायम मिस. डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमध्ये ग्रेप मारून (शब्द शोधायची कमांड) सेशन_स्टार्ट कुठे आहे बघ.

चहा_आणि_कोड
शॉर्टकट: फास्टसीजीआय_इग्नोर_हेडर्स (एनजिनएक्सने कुठले हेडर मनावर घ्यायचे नाहीत ती सेटिंग) मध्ये सेट-कुकी, कॅश-कंट्रोल आणि एक्स्पायर्स टाक, मग हिट (पान कॅशमधून) यायला लागेल.

टर्मिनलवाला
@चहा अरे बाबा असलं नको सांगूस कुणाला! पान कुकीसकट कॅश होतं, मग पहिल्या माणसाचा सेशन आयडी पुढच्या सगळ्यांना वाटला जातो, एकाच्या सेशनमधली माहिती दुसऱ्याला. हेडर गप्प करायचा नाही, तो कोण पाठवतंय ते शोधायचं.

नाशिककर_०७
सापडलं! 'नुकतीच पाहिलेली पुस्तकं' वाल्या प्लगइनमध्ये सेशन_स्टार्ट होतं, ते काढलं, आता दुसऱ्यांदा उघडलं की हिट येतं आणि पान चटकन लागतं. पण कॅश रिकामा केला की पहिल्याला परत तेच ५ सेकंद.

टर्मिनलवाला
ते होणारच, कॅशने दुखणं झाकलं जातं, जात नाही. एफपीएमच्या पूल (सेटिंगच्या) फाइलमध्ये रिक्वेस्ट_स्लोलॉग_टाइमआउट २ सेकंद ठेव आणि स्लोलॉगचा (रेंगाळलेल्या रिक्वेस्टची नोंदवही) पाथ दे, कुठल्या फंक्शनमध्ये अडकतंय ते ओळ नंबरासकट लिहून येईल.

नाशिककर_०७
आलं. फुटरमधला व्हिजिटर काउंटर, दर पानाला बाहेरच्या कुठल्यातरी सर्व्हरला कॉल करतो, तो सर्व्हर कधीच बंद पडलाय आणि हा ५ सेकंदांचा टाइमआउट होईपर्यंत वाट बघत बसतो. काउंटर उडवला. अध्यक्ष विचारणार आता आकडा कुठे गेला म्हणून 😅

चहा_आणि_कोड
त्यांना ॲक्सेस लॉगमधून (सर्व्हरवरची भेटींची नोंद) आकडा काढून दे, काउंटरपेक्षा मोठाच निघेल, बॉटसकट (आपोआप फिरणारे प्रोग्राम).