भावनेला हात घातला म्हणजे फसवलंच असं नाही

कुणीतरी म्हटलंय की लोकांना पटवताना भावनेला हात घालणं म्हणजे फसवणूकच, मुद्दा फक्त तर्काने मांडावा. मला नाही पटत. ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटलने पटवण्यासाठी तिन्ही गोष्टी धरल्यात, बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना आणि तर्क, आणि त्यातही बोलणाऱ्यावरच्या विश्वासाचा जोर त्याला जवळजवळ सगळ्यात जास्त वाटायचा. आमच्या अमळनेरात शिक्षक असलेले साने गुरुजीच घ्या ना, पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून आधी महाराष्ट्रभर फिरले, सभा घेतल्या, मग मे १९४७ मध्ये उपोषणाला बसले आणि १० दिवसांनी मंदिर खुलं करायचं ठरलं. भावनाच होती की ती, पण लबाडी कुठे होती? स्वतःचा जीव पणाला लावला होता त्या माणसाने.

फसवणूक वेगळीच असते. यावलकडे केळीवाल्यांच्या मीटिंगला पिकांवरची औषधं विकणारा एक जण आला, आधी म्हणे मी पण शेतकऱ्याचाच पोरगा, मग करप्याची, म्हणजे केळीच्या पानांवरच्या रोगाची, अशी भीती घातली की सगळे गप्प, आणि आमच्या काकांनी विचारलं, "भाऊ, ज्या बागेत औषध मारलं नाही तिथे काय झालं ते सांगा", तर गड्याने विषयच बदलला. पुराव्याच्या जागी भीती बसवली होती त्याने, माझा राग त्यावर आहे.