मदत हवी आहे: वॉटरप्रूफिंगची लेखी हमी आहे, पण कंत्राटदार दुरुस्तीला येत नाही (डिचोली)

नमस्कार मंडळी,

गोव्यात डिचोली तालुक्यात आमचं जुनं घर आहे. पुढचा भाग चिऱ्यांचा नि कौलारू, मागे नंतर वाढवलेल्या दोन खोल्या, त्यांच्यावर स्लॅब. मागच्या वर्षी मे महिन्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग, न्हाणीघराच्या टाइल्स आणि आतला गिलावा असं सगळं काम एकाच कंत्राटदाराला मटेरियलसकट दिलं. 4 लाख 60 हजार झाले. बहुतेक रक्कम बँकेतून गेली, थोडी रोख. कोटेशनच्या शेवटी त्याच्या सहीशिक्क्यानिशी एक ओळ आहे: "कामाच्या दर्जाची 3 वर्षे हमी."

पहिला पावसाळा निभावला. या जूनमध्ये धो धो सुरू झाला आणि मधल्या खोलीत, पंख्याच्या हुकाशीच, पाणी ठिबकायला लागलं. वर जाऊन बघितलं तर टाकीच्या बाजूला तळं. मोरीकडे उतारच नाही. कठड्याच्या कडेने मारलेला रसायनाचा थर नखाने उचकटला तरी पापुद्रा हातात येतो.

कंत्राटदार एकदा बघून गेला. म्हणाला, "चिऱ्याचं घर, चिरा पाणी ओढतोच." ओढतो, मान्य. पण गळतंय स्लॅबच्या मधोमध, जवळची भिंत तिथून चांगली सहा फूट लांब! हे दाखवल्यावर सूर बदलला: हमी मजुरीची आहे, मटेरियलचे पैसे तुम्ही द्या, मजुरी मी सोडतो. आता तर "चवथ होऊन जाऊ दे, मेस्त (कारागीर) गावाला गेलेत" यावर गाडी अडली आहे.

त्यात माणूस शेजारच्या वाड्यावरचा. बाबा म्हणतात, देवळात रोज तोंड दिसतं, कोर्टकचेरी नको.

मटेरियलचे पैसे दिले तर त्याचं म्हणणं मान्य केल्यासारखं होईल का? रेरा म्हणजे बिल्डरांसाठीच्या कायद्यात 5 वर्षांची जबाबदारी असते असं एकाने सांगितलं, ती इथे लागू होते का? आणि चवथीला घर भरणार, तोवर दुसऱ्याकडून डागडुजी करून घेतली तर हमी जाते का?

प्रतिसाद:

रेरा विसरा. त्यातली 5 वर्षांची जबाबदारी घरं बांधून विकणाऱ्या बिल्डरवर असते. स्वतःच्या घराची डागडुजी करून घेतली तिथे ती लागत नाही. तुम्हाला उपयोगी तो ग्राहक संरक्षण कायदा, 2019. पैसे घेऊन केलेलं काम ही सेवा, आणि ते निकृष्ट असलं तर सेवेतली त्रुटी.

मटेरियलचे पैसे मी तरी देणार नाही. ठेका मटेरियलसकट होता, म्हणजे रसायन कुठलं आणायचं, उतार किती द्यायचा हे त्यानेच ठरवलं. धूळ न काढता मारला म्हणून थर सुटत असेल तर ती कारागिरीच झाली, म्हणजे हमीतलीच गोष्ट.

पक्की डागडुजी आत्ता करू नका, पुरावा जाईल. चवथीपुरती वरून ताडपत्री घाला. त्याआधी मोरीत बोळा कोंबून दोन इंच पाणी 24 तास साठू द्या, वरून-खालून व्हिडिओ काढा आणि एखाद्या सिव्हिल इंजिनिअरला बोलावून लेखी अहवाल घ्या. हा अहवाल हातात असला की चिऱ्याची गोष्ट आपोआप बंद होते.

मग पत्र. वकिलाची नोटीस लगेच नको, आधी तुमच्याच सहीचं साधं पत्र स्पीड पोस्टाने आणि व्हॉट्सॲपवरही पाठवा: हमीची ओळ, अहवालाची प्रत, 15 दिवसांत दुरुस्ती. एवढ्याला बाबांची हरकत नसावी. नाहीच हलला तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, नंतर पर्वरीचा उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येते. मुदत 2 वर्षांची. तो पहिला पावसाळा कोरडा गेला असला तरी घड्याळ कामाच्या तारखेपासून धरून चाला, म्हणजे वाद नको. आयोगातही दोघांची तयारी असेल तर मध्यस्थीने मिटवता येतं, हे बाबांना जरूर सांगा.

कोटेशनमध्ये उताराचा किंवा किती थर मारणार याचा उल्लेख आहे का? असला तर त्या ओळी इथे टाका, पत्राचा मसुदा बघून देतो.